शेवंता मुंबयक गेली

कोल्हापुरात येणारा बाहेरगावचा माणूस पूर्वी तीन गोष्टी विचारायचा. अंबाबाईच्या देवळाला कुठून जायचं, चांगली चप्पल कुठं मिळते आणि मटण कुठं खायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली आणि चौथा प्रश्न आला : राणादाचा वाडा कुठाय?

आमच्या मंगळवार पेठेत रस्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणणं हा अपमान समजतात. त्याचाही आणि आपलाही. त्यामुळं मिरजकर तिकटीला परगावची गाडी थांबून काच खाली झाली, की चार माणसं आपोआप जमायची. एक जण म्हणायचा, आधी हायवेला लागा. दुसरा म्हणायचा, हायवेला कशाला, आतनं जावा. तिसरा चौकशी करायचा, जेवलाय काय? आणि चौथा, ज्याला कुणी काही विचारलेलं नसायचं, तो शांतपणे सांगायचा, "वसगडे. तालुका करवीर. बिनधास्त जावा, कुणीबी सांगंल." या चौघांपैकी एकानंही तो वाडा बघितलेला नसायचा. पण गाडी गेल्यावर चौघांच्याही चेहऱ्यावर अशी तृप्ती असायची, जणू वाडा यांनीच बांधून दिलाय.

वसगड्याला मात्र खरोखर जत्रा लोटली. माणसं पोरंबाळं घेऊन यायची, वाड्यासमोर फोटो काढायची, पाठकबाई दिसतात का म्हणून ताटकळायची. अक्षया देवधर आणि हार्दिक जोशी ही नावं त्यांच्या गावीही नसायची. राणादा आणि पाठकबाई एवढंच खरं. गर्दीचा ताप वाढला तसा गावातून विरोधही झाला. तो कुणाला अरसिकपणा वाटला असेल, मला नाही वाटला. म्हशीची धार काढताना पाठीमागून कुणी 'इकडं बघा, इकडं बघा' म्हणत असेल, तर म्हैस किती दिवस सहन करणार?

खरं म्हणजे शूटिंग बघण्याच्या बाबतीत आमच्या पेठेला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात सिनेमाचा संसार मांडला तो कोल्हापुरानं. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली. तिची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे आणि त्याला वळसा घालून दुचाक्या उलट्या बाजूनं जातात. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथं जन्मली, 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ साली तिनं इथंच केला, आणि १९३३ मध्ये ती उठून पुण्याला गेली. कोल्हापूरकर पुण्याला बरंच काही माफ करतो, हे मात्र करत नाही. आणि पेठेतला जयप्रभा स्टुडिओ तर आमच्या रोजच्या वाटेवरचा. भालजी पेंढारकरांचा. १९४८ च्या जाळपोळीत तो जळला, भालजींनी पुन्हा उभा केला, १९५९ मध्ये लता मंगेशकरांनी विकत घेतला. 'वाल्मीकी'त नारद झालेला तरुण राज कपूरही भालजींच्या हाताखाली काम करून गेला.

एवढा इतिहास भिंतीपलीकडं घडत असताना पेठेनं काय बघितलं? जुन्या माणसांना विचारून बघा. एक सांगतो, "घोडा सुटला होता, अख्खी गल्ली पळाली." दुसरा सांगतो, "माझा चुलता मावळा होता. ढालीआड बसून बिडी ओढायचा." भालजी कसे होते, असं विचारलं तर "कडक" एवढंच. थोर माणसाबद्दल एका शब्दात बोलायचं आणि सुटलेल्या घोड्याबद्दल अर्धा तास, ही आमची इतिहास सांगायची पद्धत आहे, आणि मला ती पुस्तकांपेक्षा भरवशाची वाटते.

आमच्या हिनं 'तुझ्यात जीव रंगला' कधी धड बघितली नाही. "त्यात काय बघायचं? आपल्यासारखंच बोलतात की," असं तिचं म्हणणं. कोल्हापूरकरणीला कोल्हापूर पडद्यावर बघायचं म्हणजे सकाळी जी शेजारीण नळावर भेटली तीच रात्री पुन्हा घरात येऊन बसल्यासारखं. तिचा जीव रंगला होता तो 'रात्रीस खेळ चाले' या कोकणातल्या भुताखेतांच्या मालिकेत. नाईकांचा वाडा, अण्णा, माई, दत्ता, सरिता, छाया, सगळं विसरणारा पांडू. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा पहिल्याच दिवशी गेले. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, ते गोष्टीनं मागं गेलं, आणि मेलेले अण्णा चांगले धडधाकट होऊन आमच्या घरी परतले. सोबत माईंची सवत ठरलेल्या शेवंताला घेऊन. त्या काळात आमच्या घरात रात्रीचं जेवण उरकण्याची जी शिस्त आली ती आधी कधी नव्हती आणि नंतरही टिकली नाही.

हिला अण्णांचा मनस्वी राग. माईंची बाजू घेऊन ती इतकं बोलायची की एकदा मधल्या जाहिरातीत मलाच म्हणाली, "तुम्हा सगळ्यांचं असंच असतंय." मी काही केलेलं नव्हतं. मी फक्त शेंगा खात होतो. पण घरात अण्णांच्या जातीचा तेवढा एकच उपलब्ध होता. पांडूचं 'इसरलंय' मात्र आम्ही दोघांनीही उचललं. वीजबिल भरलं काय? इसरलंय. गॅस सांगितला काय? इसरलंय. संसाराला इतका उपयोगी शब्द मालवणीनं आधीच का दिला नाही, कळत नाही.

"मी सांगून ठेवतो," ही एके दिवशी म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात, आणि पुढचा ठराव मंजूर झालाच असं समजायचं असतं. "अण्णांचा वाडा बघितल्याशिवाय मी मरायचो नाही."

वाडा खरा आहे. कुडाळ तालुक्यात आकेरी गावात. म्हणजे आमच्याकडं लोक वाडा बघायला येणार आणि आम्ही वाडा बघायला कोकणात जाणार, असा तो व्यवहार होता. राहायचं कुठं हा प्रश्न मी काढला. जवळच सावंतवाडीत लॉज मिळतात. पण ती मालिका इतकी वर्षं रोज रात्री बघितल्यावर कोकणातल्या जुन्या खोलीत झोपायला ही तयार नव्हती. आढ्याला काय असेल, सांगता येत नाही. "तंबू घेऊ," ती म्हणाली. "भुताला भिंत लागते, आढं लागतं, कोपरा लागतो. तंबूत त्यानं बसायचं कुठं?" एवढा बिनतोड युक्तिवाद मी कोर्टातही ऐकलेला नाही. शिवाय तिनं मोबाइलवर गाडी घेऊन रानात तंबू ठोकणारी तरुण जोडपी बघितली होती. ती सगळी पांढऱ्या मगातून कॉफी पीत सूर्योदय बघत असतात. त्यांना पाठीचा त्रास कसा नाही, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

तंबू आला. आता तो उभारायची तालीम करायची म्हणून आम्ही गच्चीवर गेलो, आणि इथंच चुकीच्या गावात राहत असल्याची जाणीव झाली. मंगळवार पेठेत गच्चीवर काही उभं राहतंय म्हटल्यावर आजूबाजूच्या गच्च्या भरल्या. ही पोरं गणपतीत रस्ता अडवून महालाएवढे मांडव उभी करणारी. त्यांच्या देखत दोन माणसांचा तंबू ठोकायचा म्हणजे खासबागेत पहिलवानांसमोर बैठका काढून दाखवायच्या. "काका, बांबू आडवा घ्या!" "काका, दोरी नायलॉनची हाय, काथ्या घ्या!" एक जण तर विचारून गेला, लायटिंग किती माळांची करणार?

सगळ्यात जास्त सूचना शेजारच्या मामांच्या. मामांचा अधिकार मोठा. 'तुझ्यात जीव रंगला'च्या कुस्तीच्या एका प्रसंगात मामा गर्दीत बसले होते. अशी गर्दीतली माणसं कोल्हापुरात भरपूर आहेत. भालजींच्या काळापासून तालमीतल्या पोरांनी मावळे व्हायचं आणि तालमीतल्या म्हाताऱ्यांनी प्रेक्षक, ही वहिवाटच पडली आहे. मामांना त्या दिवशी फेटा बांधायला मिळाला होता. मामा म्हणत, कॅमेरा बराच वेळ आपल्यावरच होता. पेठेतल्या कुणालाही पडद्यावर मामा दिसले नव्हते. मामांचं म्हणणं, ज्या दिवशी तो भाग लागला त्या दिवशी पेठेत फुटबॉलची मॅच होती, त्यामुळं टीव्हीसमोर कुणी नव्हतंच. शिवाजी पेठेशी मॅच असेल तर हे कारण पेठेत कोणत्याही न्यायालयात टिकतं.

तर निघालो. कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली असा रस्ता. सामानात तंबू सोडून बाकी सगळं महत्त्वाचं होतं : छोटी गॅसची शेगडी, भाकरी, सुकं मटण, खर्डा, कांदा-लसूण चटणी, भडंग आणि 'कोकणात तिखट मिळत नाही' म्हणून चटणीची दुसरी बरणी. निपाणीत कर्नाटक लागतं. फोन आपलं स्वागत करतो, पाट्या कानडी होतात, वडापाव तोच राहतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा महाराष्ट्र सुरू होतो. प्रवास करतोय असं वाटायला एवढं पुरतं.

जानेवारी होता, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर स्पीकर. तो बाजूला घेत नाही आणि त्याला ओलांडताही येत नाही. त्याच्या मागून चालत राहणं हा जिल्ह्याचा हिवाळी उपवास आहे. रस्त्याकडेच्या शेतात ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसत होत्या. बांबू, पाचट, प्लॅस्टिकचा कागद, बाहेर तीन दगडांची चूल आणि राखेत खेळणारं पोर. बीड आणि आसपासच्या भागातून ही कुटुंबं येतात आणि महिनोन्‌महिने अशीच उघड्यावर काढतात. आमच्या डिकीतल्या तंबूवर 'निसर्गाचा आनंद लुटा' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं होतं. ही त्या कोप्यांकडं बघत म्हणाली, "ह्यांच्यातल्या बायका पहाटे किती वाजता उठत असतील?" मी तंबूचा विषय आजऱ्यापर्यंत काढला नाही. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. मुक्कामी शिजवू म्हणून घेतला, आणि तसाच न फोडता घरी परत आणला.

आंबोलीत पावसाळ्यात लोक धबधब्याखाली रांगेनं उभे राहतात. जानेवारीत तिथं थंडी असते, आणि आंबोलीची थंडी ही कपड्यांवर अवलंबून नसते. एका घरगुती मुक्कामाच्या जागेत मालकांनी अंगणात तंबू ठोकायची परवानगी दिली. "खोली पण हा," ते म्हणाले. ही म्हणाली, "खोलीला आढं असणार." मालकांनी ते ऐकून घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्याची त्यांना सवय असावी.

तंबू गच्चीवर जसा उभा राहिला होता तसा तिथं राहिला नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं. शेवटी जो आकार झाला त्यात डोकं आत आणि पाय आत, पण दोन्ही एकाच माणसाचे नव्हेत. रात्री अकराच्या सुमाराला बाहेर काहीतरी चालू लागलं. जड, सावकाश, अधूनमधून फुसकारत. दोघंही जागे होतो आणि दोघंही झोपल्याचं दाखवत होतो.

"अहो."

"हं."

"अण्णा असतील काय?"

"अण्णा माणूस आहेत. एवढा मोठा श्वास घेत नाहीत."

"मग गवा असंल."

गवा म्हटल्यावर हिला एकदम धीर आला. राधानगरी-दाजीपूरच्या जिल्ह्यातली माणसं आम्ही. गवा म्हणजे ओळखीचाच. भुताचं काय करायचं ते माहीत नाही, पण गव्याचं माहीत आहे : काहीच करायचं नाही. सकाळी मालकांनी सांगितलं, ती त्यांची म्हैस होती. ही थोडी नाराज झाली.

आकेरी छान गाव आहे. रामेश्वराचं देऊळ बघण्यासारखं, सावली गर्द, माड-पोफळी, फणस. आणि वाडा. वाड्याबद्दल काय सांगू? तो दिवसा होता, हीच त्याची मोठी अडचण. इतकी वर्षं आम्ही त्याला रात्री साडेदहाच्या निळ्या उजेडात, कुत्री रडत असताना बघितलेला. आता अकराच्या उन्हात कौलारू, नीटनेटका, कोंबड्यांच्या सोबतीनं उभा. टीव्हीत वाटतो त्यापेक्षा लहानही वाटला. कॅमेरा घराला जी उंची देतो ती घरमालकालाही मिळत नसावी. शेवटी ते कुणाचं तरी घर आहे म्हणून बाहेरूनच बघायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. पण गाड्या येत होत्या. एक बाई घरातल्या माणसासारखी फाटकाशी उभी राहून आपल्या नवऱ्याला दाखवत होती, "इथं माई बसायच्या, इथनं छाया यायची." एक मुलगा बापाला विचारत होता, "पप्पा, मेलेले कुठं ठेवलेत?" बापानं त्याला आइस्क्रीम कबूल केलं.

कोकणात काही जणांनी या मालिकेला सुरुवातीला विरोध केला होता, आमच्या गावांची भुताखेतांपायी बदनामी होते म्हणून. त्यांचा मुद्दा मला पटतो. पण बदनाम झालेल्या गावात एवढी माणसं इतक्या प्रेमानं येतात आणि भूत न दिसल्यामुळं हिरमुसून परततात, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

रस्त्याकडेच्या दुकानात एक गृहस्थ कोकम सरबत देत होते. सोबत त्यांच्या सौभाग्यवती.

"खंयसून इलात?"

"कोल्हापूर."

"वाडो बघूक?"

हिनं सरबताचा घोट घेतला आणि मनात इतका वेळ दाबलेला प्रश्न विचारला. "शेवंताचं घर कुठलं?"

गृहस्थांना या प्रश्नाची सवय होती. एकदाही वर न बघता ते म्हणाले, "शेवंता मुंबयक गेली. सगळीच गेली. शूटिंग संपला." मग एकदम त्यांनी वर बघितलं. "कोल्लापूर म्हणालात? कोल्लापुरात खंय?"

"मंगळवार पेठ."

"मगे राणादाचो वाडो तुमच्याकडसून किती लांब?"

त्यांच्या सौभाग्यवती दुकानातून पुढं आल्या. पाठकबाईंना तुम्ही बघितलंय काय? वहिनीसाहेब खऱ्या आयुष्यात पण तशाच काय? राणादा तालमीत येतात काय? मी सांगायला तोंड उघडत होतो, तेवढ्यात माझी बायको, जिनं ती मालिका धड बघितलीसुद्धा नव्हती, ती म्हणाली, "आमच्याच पेठेतली माणसं होती त्यात. आमचे शेजारचे मामा होते." आणि पुढं, मिरजकर तिकटीवरच्या त्या चौघांच्या थाटात, "वसगडे. तालुका करवीर. तुम्ही या, मी घेऊन जातो."

कोल्हापुरात 'या' म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं नसतं, हे कोकणाला माहीत नसावं असं मला वाटत होतं. माहीत होतं. ते मे महिन्यात आले. दोन फणस, कोकमाची सोलं आणि आमच्या सुखरूप असण्याबद्दल चौकशी घेऊन आले. आम्ही त्यांना वसगड्याला नेलं. आमचीही ती पहिलीच खेप. मालिका जानेवारी २०२१ मध्येच संपलेली, राणादा आणि पाठकबाईंनी तर डिसेंबर २०२२ मध्ये खरोखरचं लग्नही लावून घेतलेलं. गर्दी ओसरली होती. गावातल्या एकानं आम्हाला बघून विचारलं, "कुठनं आलासा?" मी 'मंगळवार पेठ' म्हणालो. त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. कोल्हापूरचा माणूस वाडा बघायला!

संध्याकाळी त्यांना खासबागेत भेळ खायला घातली आणि पेठेतून चालत घरी निघालो. वाटेत जयप्रभा. मी थांबलो, हात वर केला, भालजींपासून सुरुवात केली. १९४८ पर्यंत आलो तेव्हा गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, "हय खंयची मालिका झाली?"

"मालिका नव्हे. सिनेमे."

"अच्छा," ते म्हणाले आणि फोटो न काढता पुढं चालू लागले.

गल्लीच्या तोंडाला कट्ट्यावर मामा बसले होते. पाहुण्यांनी मामांकडं बघितलं, पुढं गेले, थांबले, परत आले, मान तिरकी करून बघितलं. "तुमी त्या कुस्तीत होतात मा? पिवळो फेटो?"

पेठेत एवढी शांतता मी फक्त पेनल्टी किकच्या वेळी अनुभवली आहे. मामा उभे राहिले. त्यांनी पाहुण्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गल्लीला हाक मारली. दारं उघडली, खिडक्या उघडल्या, गच्चीवरची पोरं खाली आली, चहा सांगितला गेला. इतकी वर्षं पेठेनं मामांना खोटं ठरवलं होतं आणि आता कुडाळ तालुक्यातून साक्षीदार आला होता. मामा म्हणाले, "भावा, सगळ्यांसमोर सांग. कुठला भाग होता? कितवं मिनिट? ही आत्ता मोबाइलवर काढून बघत्यात."

गृहस्थांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आमच्या हिच्याकडं बघितलं.

"इसरलंय," ते म्हणाले.